एप्रिलमध्ये काय?

पहिला आला तो टाय लावून.
गळ-गांडुळांच्या दुकानात टाय लावून येणारा
एकतर वाट चुकलेला असतो, नाहीतर काही विकायला आलेला.
यंत्र फुकट, म्हणाला, अगदी फुकट, मिसेस केटुनेन.
मी बारीक अक्षरांसाठी चष्मा शोधला,
तो कपाळावरच होता.
चार वर्षांचा करार. मध्येच सोडलात
तर उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं एकरकमी.
फुकटच्या गांडुळात काय दडलेलं असतं
ते मी तीस वर्षं डब्यात भरून विकते आहे.
कॉफी पाजली, वाटेला लावला.

दुसरी फोनवर. आवाज असा
की हिला कधी सर्दी झाली नसावी.
दोन पूर्णांक नऊ टक्के, वर तीस सेंट,
प्रत्येक वेळी.
मी पुठ्ठ्याच्या पाठीवर हिशेब मांडला:
डझनभर जिवंत मासोळी, साडेचार डॉलर.
टक्क्यांचे तेरा, वरचे तीस.
म्हणजे दर डझनातला एक मासा हिचा
आणि दुसऱ्याची शेपटी.

तिसऱ्याचं नाव मोटेलवाल्या स्कोग्लंडने सुचवलं,
मग तोच धावत आला, नको म्हणायला.
जानेवारीत बर्फावरची स्पर्धा,
गावात पाय ठेवायला जागा नाही,
एका आठवड्यात वर्षाची कमाई,
आणि तिकडे कुणाच्या तरी पडद्यावर
ही कमाई संशयास्पद ठरली.
नव्वद दिवस पैसे अडकले.
स्कोग्लंड म्हणाला, मला चोर ठरवलं असतं तरी चाललं असतं,
निदान कुणी माणूस समोर आला असता.

मी सगळ्यांना एकच विचारत होते:
एप्रिलमध्ये काय?
त्यांना कळायचंच नाही.
इथे एप्रिलमध्ये तळं धड बर्फ नसतं, धड पाणी नसतं.
बर्फावर पाय टाकावा तर दगा,
होडी लोटावी तर खडखडाट.
कुत्रंही किनाऱ्याकडे फिरकत नाही.
एखाद्या दिवशी गल्ल्यात फक्त माझ्याच कॉफीचा डॉलर,
तोही मीच टाकलेला, दुकान उघडं होतं याचा पुरावा म्हणून.
किमान मासिक शुल्क पंचवीस डॉलर, ते म्हणायचे,
विक्री असो वा नसो.

रेइनोच्या हातची पाटी अजून दारावर आहे,
आज रोख, उधार उद्या.
तो गेल्यावरही मी ती उतरवली नाही.
उधारी मात्र द्यायचे, आजच्या आज.
यंत्राचं नाव काढलं नसतं मी जन्मात.

पण ऑर्व्हिल.
कॉफीच्या बरणीतून चिल्लर ओततो काउंटरवर
आणि बोटांनी चाचपतो.
गेल्या हिवाळ्यापासून त्याची बोटं चुकायला लागली,
डाइमच्या जागी पेनी.
मी गप्प राहून गल्ला मिटायचे.
मग एक दिवस मागच्या पोराने मोठ्याने सांगितलं,
आजोबा, हे कमी आहेत.
ऑर्व्हिल पंधरा दिवस फिरकला नाही.
लेकीने त्याला कार्ड दिलंय, एवढं कानावर आलं.

शेवटी पतपेढीतली मार्लिस.
हिचा बाप रस्त्यावरचा बर्फ हटवायचा, पोरगी इथलीच.
कागद पुढे सरकवायच्या आधीच म्हणाली,
विक्री शून्य तर शुल्क शून्य.
दर थोडा जास्त आहे, व्हर्ना, खोटं कशाला बोलू.
यंत्र विकत घ्यावं लागेल.
मी तिला एप्रिलचं विचारलंच नव्हतं.
सही केली. पेन चालेना, तिचं घेतलं.

यंत्र आता गांडुळांच्या फ्रिजशेजारी,
त्याच्यावर गार दव धरतं, पुसावं लागतं.
पहिल्या दिवशी तीन जण रोख देऊन गेले, मुद्दाम.
चौथ्या दिवशी ऑर्व्हिल.
डझनभर मासोळी.
कार्ड उलटं धरलं होतं,
मी यंत्रच उलटं फिरवलं.
बीप झालं. तो दचकला, मग हसला.
म्हणाला, बरोबर आहेत ना?

पै न पै, मी म्हटलं,
आणि पिशवीत तेरावा मासा सोडला.